कॉन्फिगबुवा

दर आयटी कंपनीत एक कॉन्फिगबुवा असतोच. हिंजवडीत जरा जास्तच निघतात. ओळखायची खूण सोपी. सोवळ्यातला माणूस विटाळाकडे बघतो तसे बुवा माउसकडे बघतात. एडिटर अर्थात विम. त्यात फाइल शोधायचं प्लगइन: चार अक्षरं टाइप करा, फाइल हजर. दावा खरा आहे, पण बुवांच्या घरच्या लिनक्सवर.

ऑफिसनं मॅकबुक हातात दिलं आणि बुवांचं ग्रहमान फिरलं. प्लगइन आतून चालवतं 'फाइंड' कमांड. लिनक्सच्या फाइंडला कुठं शोधायचं ते नाही सांगितलं, तरी तो निमूट आहे त्या फोल्डरपासून सुरुवात करतो. मॅकचा फाइंड बीएसडी घराण्यातला. पत्ता दिल्याशिवाय जागचा हलत नाही, आणि 'प्रिंटएफ' म्हटलं तर ओळखच देत नाही. बुवांनी कमांडमध्ये एक टिंब वाढवलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना युनिक्सची वंशावळ ऐकवली. डबे गार झाले.

मग क्लायंटचं विंडोज मशीन आलं. तिथंही फाइंड आहे! फक्त तो फाइलींची नावं शोधत नाही, फाइलीच्या पोटातला मजकूर शोधतो. गिटबरोबर आलेला कामाचा फाइंड पाथमध्ये मागे, सिस्टिम३२ पुढे. त्यामुळे हाक मारली की भलताच ओ देतो, 'पॅरामीटर फॉरमॅट नॉट करेक्ट.'

"बुवा, सरळ एफडी टाका की. तिन्हीकडे चालतं," नवी आलेली मुलगी म्हणाली.

"उबुंटूवर टाकून बघ," बुवा खुलले. "तिथं कमांडचं नाव एफडीफाइंड. एफडी हे नाव दुसऱ्या पॅकेजनं आधीच अडवलंय."

माझं मत विचाराल तर त्या मुलीचंच बरोबर होतं. एका ओळीच्या सोयीनं भागलं असतं. पण भागलं तर बुवांनी करायचं काय? त्यांनी 'इफ'ची उतरंड रचली: विंडोज असेल तर हे, मॅक असेल तर ते, नाहीतर लिनक्स. क्रम महत्त्वाचा, कारण आधी "युनिक्स आहेस का?" विचारलं तर मॅकही मान डोलावतो आणि लिनक्सची कमांड गळ्यात घेऊन बसतो. हे कळायला बुवांचा एक शनिवार गेला. तो वाया गेला असं त्यांना अजून वाटत नाही.

ज्या प्रोजेक्टसाठी हे सगळं चाललंय, त्यात फाइली अकरा. बुवांना त्या तोंडपाठ आहेत.

तुमच्या ऑफिसात असा बुवा असेल तर त्याची कॉन्फिग फाइल जरूर मागून घ्या, उत्तम चालते. फक्त जेवून झाल्यावर मागा.