लॉनवाले काका

नाशिकमध्ये रो-हाऊसची कॉलनी म्हटली, की तिच्यात एक गणपतीचं देऊळ असतं, एक बंद पडलेलं कारंजं असतं आणि एक लॉनवाले काका असतात. रविवारी सकाळी साडेसातला हे काका स्वतःच्याच अंगणात कमरेत वाकून, हात मागे बांधून, पावलापावलाला थांबत जमीन न्याहाळत असतात. कॉलनीत नवा आलेला भाडेकरू फाटकाशी थबकून विचारतो, "काका, काही हरवलंय का?" जुने रहिवासी विचारत नाहीत. त्यांना उत्तर ठाऊक असतं आणि उत्तराची लांबीही.

हरवलेलं काही नसतं. काका खडे वेचत असतात. कारण त्यांच्याकडे गवत कापायचं हातमशीन आहे, ते जुनं, रीळवालं. वीज नको, पेट्रोल नको. ढकललं की चाकं फिरतात, चाकांमुळे आतले दाते फिरतात आणि दात्यांमुळे पाच पिळदार पात्यांचं रीळ गरगरतं. खाली एक सरळ पातं पक्कं बसवलेलं. या दोहोंत गवत आलं की कात्रीत सापडल्यासारखं तुटतं. मात्र गवताऐवजी खडा आला तर पात्याला खाच पडते, आणि त्या खाचेच्या रेषेत हिरवळीवर न कापलेली शेंडी राहते. भाडेकरूला हे सगळं कळेपर्यंत त्याचं दूध नासलेलं असतं.

काका सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. टूलरूमचा माणूस निवृत्त झाला की पगार थांबतो, मायक्रॉन थांबत नाहीत. घरी बसल्यावर त्यांनी आधी दारांच्या बिजागऱ्या घेतल्या, मग नळ, मग काकूंचं शिवणयंत्र. मिक्सरकडे त्यांची नजर वळल्याचं पाहून काकूंनीच म्हणे सुचवलं, "अहो, अंगणात जरा हिरवळ करू या का?" अंगण बारा बाय वीस. म्हणजे दोनशे चाळीस चौरस फूट. ते कापायला वीस मिनिटं लागतात. त्याआधी तयारीला दोन तास, नंतर पुसापुशीला एक तास, आणि वर्णनाला मर्यादा नाही.

तयारीत पहिला मान वर्तमानपत्राचा. रीळ आणि खालचं पातं यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायची, रीळ हाताने हळूच फिरवायचं. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे सफाईने कापला गेला, तर जुळणी बरोबर. डावीकडे कापला आणि उजवीकडे नुसता दुमडला, तर उजव्या बाजूचा स्क्रू किंचित आवळायचा. 'किंचित' म्हणजे किती, याचं उत्तर काकांच्या शर्टाच्या खिशात असतं. इतर निवृत्तांच्या खिशात पेन असतं, काकांच्या खिशात फीलर गेज. पात्यांमधली फट पाच शतांश मिलिमीटर असावी असा त्यांचा आग्रह आहे. फट जास्त झाली तर गवत न कापता मुडपतं, कमी झाली तर पातं पात्यावर घासून किंचाळतं आणि मशीन ढकलताना बरगड्या मोजता येतात. "हे कानानं कळलं पाहिजे," काका म्हणतात. काकूंची तक्रार एवढीच, की परीक्षेचा कागद नेमका त्या दिवशीचा असतो आणि नेमका शब्दकोड्याच्या पानाचा असतो. आडवे शब्द सुटलेले असतात, उभे शब्द हिरवळीवर पडलेले असतात.

या यंत्राचा इतिहास काकांना मुखोद्गत आहे. १८३० साली इंग्लंडमध्ये, ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउड भागात एडविन बडिंग नावाच्या माणसाने याचं पेटंट घेतलं. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या. कापडावरची लव एकसारखी छाटणारं यंत्र तिथे होतं. बडिंगने ते पाहिलं आणि लवीच्या जागी गवत घातलं. तोवर हिरवळ कापायची तर लांब दांड्याचा कोयता नाहीतर मेंढ्या. "बडिंग माळी नव्हता, मेकॅनिक होता," हे वाक्य काका छातीवर फीलर गेज थोपटून म्हणतात. स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करायचा पानाही त्याने केला, हे कळल्यापासून तर बडिंग त्यांना टूलरूममधलाच वाटतो. लोक वेडा म्हणतील म्हणून तो रात्री यंत्र चालवून बघायचा, अशी आख्यायिका आहे. त्यावर काका म्हणतात, "मी दिवसा चालवतो. म्हणायचं ते म्हणून झालेलं आहे."

काकांचा शत्रू समोरच्या बंगल्यात राहतो. तिथे महिन्यातून दोनदा कंत्राटदाराचा पोरगा पेट्रोलचं मशीन घेऊन येतो, दहा मिनिटं गल्ली दणाणून सोडतो आणि जातो. काका ते मशीन 'झोडपणी' या नावाने ओळखतात. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. एकच पातं वेगाने गरगर फिरवून गवत तोडलं, तर टोकं चिरफाळतात आणि दोन दिवसांत तपकिरी पडतात. धार बोथट असेल तर जास्तच. कात्रीसारखा काप सरळ येतो. हे सिद्ध करायला काका भिंग घेऊन समोरच्या फाटकातून आत जातात आणि दुसऱ्याच्या हिरवळीवर उकिडवे बसून टोकं तपासतात. समोरच्यांनी आता त्यांना चहा विचारणं सुरू केलं आहे.

पावसाळा मात्र काकांच्या बाजूने नसतो. रीळवाल्या मशीनचं एक पथ्य आहे. गवत नेमाने कापत राहायचं, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटायचं नाही, आणि ओलं कापायचं नाही. जुलैत गवत रोज वाढतं आणि रोज ओलं असतं. चार-पाच इंचांच्या वर गेलेली हरळी पात्यांत येतच नाही. मशीन अंगावरून गेलं की निजते, मागे वळून बघावं तर उठून बसते. त्यात लव्हाळा उगवतो. त्याच्या गाठी जमिनीखाली, त्यामुळे वरून छाटला की त्याला हजामत झाल्याचा आनंद होतो. शेवटी काकू विळेवाल्या मावशींना बोलावतात. त्या अर्ध्या तासात अंगण मोकळं करतात आणि पडवीत ताडपत्रीखालच्या मशीनकडे बघून आस्थेने विचारतात, "काका, गाडं आजारी हाय का?" त्या दिवशी काका जेवताना बोलत नाहीत.

भाद्रपदात दुसरं संकट. हिरवळ आहे हरळीची, आणि हरळी म्हणजेच दूर्वा. सगळी कॉलनी गणेश चतुर्थीच्या सकाळी ताम्हन घेऊन फाटकाशी येते. पण काकांच्या काटेकोर छाटणीत तीन पानांचा तुरा वाचलेलाच नसतो. दोनशे चाळीस चौरस फूट दूर्वा दारात असताना काकूंना रविवार कारंजावरून जुडी विकत आणावी लागली, तेव्हा घरात जे बोलणं झालं त्याचा परिणाम आजही दिसतो. कुंपणालगतची एक वीतभर पट्टी काकांनी न कापता सोडली आहे. तिथे पाटी आहे : 'दूर्वा. राखीव. मशीन आणू नये.' मशीन कॉलनीत दुसऱ्या कोणाकडेच नाही.

वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, पात्यांना धार लावायचा सोहळा असतो. स्पेअर पार्टच्या दुकानातून इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणायची, पात्यांना लावायची आणि रीळ उलट्या दिशेने फिरवायचं. सुरुवातीला खरखर होते, मग आवाज मऊ होत जातो. मऊ झाला की रॉकेलने पेस्ट धुऊन काढायची, पुन्हा स्क्रू, पुन्हा कागद, पुन्हा शब्दकोडं. चाकं उघडून आतल्या खिट्ट्या पुसायच्या. त्या झिजल्या किंवा उलट बसल्या की चाक फिरतं आणि रीळ ढिम्म राहतं. बंगळुरूचा नातू सुट्टीत आलेला असला तर त्याला मदतनीस नेमतात. त्याला पहिला धडा एकच : काडी अडकली तर बोट घालायचं नाही, लाकडी पट्टीने ढकलायची, कारण एक पातं हललं की पुढचं येतं. ही गोष्ट काका विनोद न करता सांगतात, आणि तेवढी एकच.

खंडेनवमीला मशीन धुऊन, तेल लावून, झेंडूची माळ घालून देवघरासमोर येतं. काकू हळदकुंकू वाहतात. त्यांचा हिशेब साधा आहे. माळी लावला असता तर महिन्याचे काहीशे रुपये गेले असते; माळी न लावल्यामुळे मिक्सर अजून शाबूत आहे.

काकांना गवत आवडतं का, असा प्रश्न कॉलनीत अधूनमधून निघतो. माझं मत असं, की काकांना गवताची गरज आहे, आवड नाही. फट पाच शतांशावर बसली, हे सिद्ध करायला काहीतरी वाढत राहावं लागतं, आणि गवत ते काम बिनपगारी करतं.

तेव्हा वाचकहो, तुमचं अंगण लहान असेल, सपाट असेल आणि आठवड्याला वीस मिनिटं द्यायची तयारी असेल, तर हे मशीन जरूर घ्या. आवाज नाही, धूर नाही, वास फक्त कापलेल्या गवताचा. फक्त जवळपास एखादे लॉनवाले काका आहेत याची आधी खात्री करून घ्या, आणि त्यांच्याकडे सल्ल्याला जाताना वर्तमानपत्र आपलं न्या. त्यांचं मशीन मात्र उसनं मागू नका. ते देणार नाहीत, आणि का देणार नाहीत हे ऐकण्यात तुमचा रविवार जाईल.