परोपकारी भोंगा

पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि संगणकात पाच व्हायरस सापडल्याची वार्ता येते. शेजारी सरकणारी हिरवी पट्टी सी ड्राइव्हची झडती घेत असते. मॅकवर आणि मोबाइलवरही सी ड्राइव्हचीच, जो तिथे नसतोच. ब्राउझरमधल्या पानाला तुमची हार्ड डिस्क परस्पर वाचता येत नाही, म्हणजे ही तपासणी नव्हे, नुसतं हलतं चित्र. खाली फोन नंबर, हे तर परोपकाराचं टोक. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन नंबर नसतो. खऱ्या कंपनीला ग्राहकाशी बोलायची एवढी हौस कुठली?

‘अडाणीच फसतात’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतलं एक प्रकरण पाहावं. ऑफिस डेपोच्या दुकानांत संगणकाची मोफत तपासणी व्हायची. आधी चार प्रश्न: संगणक मंदावलाय का, पॉप-अप येतात का वगैरे. एकावरही खूण केली की मालवेअरची लक्षणं ‘सापडत’. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ३.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. तिथे तर भोंगाही नव्हता. ‘पण खरंच व्हायरस असला तर?’ असू शकतो. मग टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, पुन्हा उघडताना जुनी पानं आणू नयेत आणि विंडोजमध्ये आयत्या बसलेल्या डिफेंडरला कामाला लावावं. ऑफिसात आयटीवाल्याला सांगावं. तो कुरकुरेल, पण त्या नंबरवरच्या भामट्यांसारखी गिफ्ट कार्डं तरी मागणार नाही.