रीफकर

रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्राचं अप्रूप नसतं, असा मुंबईकरांचा समज आहे. तो खोटा ठरवायला रीफकर, म्हणजे घरच्या टाकीत प्रवाळ पाळणारे, पुरेसे आहेत. रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन, ते कुठेही भेटतात. वय पन्नाशीचं, नोकरी बहुधा बँकेत नाहीतर शाळेत, मागे नारळ-सुपारीची छोटी वाडी, ओटीवर झोपाळा आणि माजघरात निळ्या दिव्याखाली चार फुटांची काचेची टाकी. टाकीत खारं पाणी. ते घरापासून पाच मिनिटांवर फुकट मिळतं. पण रीफकरांना ते चालत नाही.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच असतं. इथल्या किनाऱ्यावर खाड्यांचा गाळ येतो, आणि पावसाळ्यात कुंडलिका-सावित्रीचं गोडं पाणी मिसळून क्षारता घसरते. म्हणून ते आरओचं पाणी काढतात, त्यात डब्यातलं आयात केलेलं मीठ कालवतात आणि रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावून दर हजारी 35 चा आकडा येईपर्यंत ढवळत बसतात. म्हावरं घेऊन दारी आलेली कोळीण हे पाहते आणि विचारते, “दर्या समोर हाय, नि तुमी घरान पानी करता?” पेण-उरणची मिठागरं जवळ असताना डब्याचं मीठ कशाला, हा घरातला प्रश्न. मिठागरातलं मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड, प्रवाळांच्या टाकीत कॅल्शियम-मॅग्नेशियमही मापात लागतं, हे उत्तर तयार असतं. डब्याची पावती सापडल्यापासून बायकोला ते पटेनासं झालंय.

नवा मऊ प्रवाळ घरी यायचा असला की रीफकर रजा टाकतात. क्रॉफर्ड मार्केटातून थर्माकोलचा खोका, गेटवेहून मांडव्याची लाँच. सगळे प्रवासी सीगलना खाऊ टाकण्यात दंग, हे मात्र खोका मांडीवर घेऊन, त्याच्यावर ऊन येणार नाही अशा बेताने वाकडे बसलेले. खोक्यात असतो लेदर कोरल, म्हणजे सार्कोफायटन: अळंबीच्या आकाराचा, दगडी सांगाडा नसलेला, माथ्यावर आठ-आठ शुंडकांचे इवले पॉलिप मिरवणारा. निदान दुकानात तरी मिरवत होता.

घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवायची, तापमान जुळावं म्हणून. मग एअरपंपाची बारीक नळी घ्यायची, तिला सैल गाठ मारायची आणि टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने पिशवीतल्या पाण्यात सोडायचं, तासभर. पुढे कीड जावी म्हणून औषधी पाण्यात बुचकळणं. पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता फेकून द्यायचं. प्रवाळाला सुरुवातीला तळाशी, मंद उजेडात आणि मध्यम प्रवाहात बसवायचं. त्याच्या पेशींतली शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात खरी, पण नव्या दिव्याचा झोत एकदम अंगावर आला तर हीच शैवालं निघून जाऊन तो पांढरा पडू शकतो.

त्या दिवसांत घराची बाळंतिणीची खोली होते. पाहुण्यांनी हळू बोलायचं, दार आपटायचं नाही, दिवा वाढवायचा नाही.

आणि प्रवाळ मिटून बसतो. पॉलिप आत, अंगावर मेणचट पापुद्रा, एकूण कळा प्राण गेल्यासारखी. हे या जातीत नेहमीचंच. पापुद्रा टाकून पुन्हा फुलायला कित्येक दिवस लागतात, कधी आठवड्याहून जास्त. रीफकरांना हे पाठ आहे. दुसऱ्याच्या टाकीबद्दल ते दोन वाक्यांत सांगून मोकळे होतात. स्वतःच्या टाकीपुढे मात्र पहिल्याच रात्री त्यांचा हात बाहीसकट पाण्यात जातो. जरा डावीकडे. नको, पंपासमोर होतंय. जरा वर. उजेड जास्त होतोय बहुतेक. दर हलवण्यागणिक प्रवाळ पुन्हा पहिल्यापासून मिटतो आणि रीफकर पुन्हा पहिल्यापासून काळजी करतात. क्षारता तपासून झाली, अल्कलिनिटी झाली, नायट्रेट झालं. सगळे आकडे चोख. त्यामुळे काळजी आणखीच वाढते.

लेदर कोरल शेजारच्या प्रवाळांना जागा मिळू नये म्हणून पाण्यात विषारी रसायनं सोडतो. त्यावर उपाय म्हणजे सक्रिय कोळसा आणि मोकळं अंतर. वाडीच्या बांधावरून चुलतभावाशी वर्षानुवर्षं दावा चालवणारा हा गृहस्थ दोन प्रवाळांमधली हद्द मात्र पट्टीने मोजून, दोघांच्या सोयीने आखून देतो.

खरी कसोटी विजेची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, खांब आडवे झाले आणि कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात राहिली. तेव्हापासून रीफकरांच्या इन्व्हर्टरला क्रम ठरलेला आहे: आधी टाकीचा पंप, मग फ्रिज, पंखा उरलं तर. उकाड्याने हैराण झालेल्या सासूबाईंना ते समजावतात, की प्रवाह थांबला तर पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत खाली येतो. सासूबाई म्हणतात, माझाही येतो.

कायद्याच्या बाबतीत ते काटेकोर. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, हे ते कोणी न विचारता सांगतात. किनाऱ्यावरच्या खडकाला हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या 18 प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवल्या, ती बातमी त्यांनी कापून फायलीत लावली आहे. सरकार अठरा हलवतं, आपण एक हलवला तर काय बिघडलं, हा त्यांचा बचाव. शास्त्रज्ञांनी त्या रोज डावीकडून उजवीकडे सरकवल्या नाहीत, हे मुलगी दाखवून देते. मग रीफकर विषय विजयदुर्गसमोरच्या खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेकडे नेतात: प्रवाळांचं ते पठार कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, आणि कान्होजींची समाधी आमच्या अलिबागेत. म्हणजे प्रवाळांवर पहिला हक्क कुणाचा, हे त्यांच्या मते उघड आहे.

अखेर कधीतरी कार्यालयीन ऑडिट लागतं, रीफकर चार दिवस पनवेलला जातात आणि टाकीत हात घालायला कुणी उरत नाही. परततात तो पापुद्रा गळालेला, प्रवाळ पूर्ण फुललेला. श्रेय ते आयोडीनच्या दोन थेंबांना देतात. त्याच संध्याकाळी मुरूडहून एका नवशिक्याचा घाबऱ्याघुबऱ्या फोन येतो: प्रवाळ मिटलाय, काय करू? “काहीच करू नका,” रीफकर खडसावून सांगतात, “पंधरा दिवस हात म्हणून लावायचा नाही!” आणि कोपरापर्यंत भिजलेल्या बाहीने फोन दुसऱ्या कानाला लावतात.