कन्व्हर्ट झाली का जमीन?

पेडण्याच्या चहाच्या दुकानात एका इंग्रजी क्रियापदाला सध्या मोठी मागणी आहे. 'कन्व्हर्ट झाली का?' असे कोणी विचारले, की चौकशी धर्माची नव्हे, भाटाची चालली आहे हे सगळ्यांना कळते.

क्रियापद खानदानी आहे. लॅटिनमधल्या 'वळवणे' या अर्थाच्या धातूपासून ते आले. तो धातू आणि संस्कृतमधला 'वृत्' मुळात एकच, म्हणजे कन्व्हर्ट हा आपल्या परिवर्तनाचा लांबचा चुलतभाऊ. इंग्रजीत तो शिरला तोच माणसांना धर्माकडे वळवण्याच्या कामावर. गोव्यात हे काम सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत धडाक्यात झाले. डिचोली 1781 मध्ये आणि पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांच्या हाती आले, तोवर त्यांचा उत्साह ओसरला होता. नव्या काबिजादीतल्या रयतेला धर्म आणि चालीरीती राखण्याची हमी मिळाली आणि दोन्ही तालुके या क्रियापदाच्या तावडीतून सुटले.

ती थकबाकी आता वसूल होते आहे.

डिचोलीत खाणींनी डोंगरांचे खड्डे करून घेतले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि आसपासच्या प्रत्येक काजूखाली कोणाला ना कोणाला व्हिला दिसू लागला.

या क्रियापदाचे व्याकरणही न्यारे. जमीन कन्व्हर्ट 'होते'. ती कोणी 'केली' असे ऐकू येत नाही. कर्ता नेहमी अध्याहृत. 2023 मध्ये नगर आणि ग्रामनियोजन कायद्यात 17(2) हे कलम आले. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, असे त्याचे समर्थन. 'ऑर्चर्ड' खोडून 'सेटलमेंट' लिहून घ्यायला अर्जांची रीघ लागली. आपली सेटलमेंटची जागा चुकून तशी रंगवली, ती खरे तर भातशेतीच, असे सांगत पणजीची पायरी चढणारा प्रामाणिक मालक मात्र अजून भेटायचा आहे.

मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले. पण सरकारने दूरदृष्टीने 2024 मध्येच 39(अ) हे दुसरे कलम आणून ठेवले होते. त्यात झोन बदलण्याआधी हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. त्यामुळे पेडण्या-डिचोलीतला जागरूक वाचक हल्ली पेपर उघडला, की निधनवार्तांच्या आधी सर्व्हे नंबर वाचतो.