शेकडा तोटा किती?

गोंदियात कुणी काही फुकट करतंय म्हटलं की लोक आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. राइस मिलच्या गावाचा हा स्वभावच आहे. इथं धान भरडलं की तांदूळ बाजारात जातो, कोंडा तेलाच्या कारखान्यात, तूस बॉयलरमध्ये, आणि कनकीलाही गिऱ्हाईक असतं. काही वाया जात नाही, त्यामुळे फुकटही काही जात नाही. अशा गावात मी निवृत्तीनंतर जाहीर केलं की एका सत्रापुरती युगांडाला जाते, तिथल्या सिस्टर लोकांच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला. बिनपगारी.

बोलावणं आलं होतं एका केरळच्या सिस्टरकडून. त्या पूर्वी आमच्या जिल्ह्यात होत्या. दहावीच्या पेपरांच्या मॉडरेशनला नागपूरला जाता-येता गाडीत आमची ओळख झाली आणि वाढली. नंतर त्यांच्या संस्थेनं त्यांना आफ्रिकेत धाडलं. तिथून त्यांचा निरोप: "गणिताला कुणी टिकत नाही. तुम्ही या. राहणं-जेवण आमचं, बाकी देव बघेल." बाकीमध्ये पगार होता आणि विमानाचं तिकीट होतं, हे मला घरी समजावून सांगताना कळलं.

आमच्या ह्यांची हयात मिलमध्ये हिशेब लिहिण्यात गेली. त्यांनी चष्मा काढला.

"पगार?"

"नाही."

"तिकीट?"

"आपलं."

"म्हणजे धान आपलं, भरडाई आपली, पोतंही आपलं. आणि तांदूळ त्यांचा."

शेजारच्या काकू संध्याकाळीच आल्या. त्यांनी आवाज खाली करून विचारलं, "काहून जी मॅडम, सूनबाईशी काही वाजलं काय?" दूधवाल्याला वाटलं, मुलगा तिकडे नोकरीला लागला असणार. माझा एक जुना विद्यार्थी आता राजकारणात आहे. तो पेढे घेऊनच आला. आमच्याकडे बाई माणूस फुकट सेवा करायला निघालं की त्याचा अर्थ एकच होतो. "मॅडम, झेडपीचं सर्कल कोणतं पाहून राहिल्या?" मी युगांडाचं नाव घेतलं तेव्हा तो जरा खट्टू झाला. तिथं आपल्या पक्षाचं काही काम नाही म्हणाला.

आश्चर्य वाटलं नाही फक्त एकाला. आमच्याच गल्लीतला पोट्टा, माझाच विद्यार्थी, बी.एड. झालेला. पलीकडच्या तालुक्यात एका शाळेवर आहे. लागताना त्याच्या बापानं दोन एकर धानाची जमीन विकली. ते पैसे संस्थेच्या इमारत निधीत गेले आणि इमारत अजून निधीतच आहे. पगार म्हणाल तर शाळा विनाअनुदानित. पूर्वी अशा शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणायचे. 2009 साली सरकारनं त्यातला 'कायम' शब्द काढला. बाकी सगळं कायम राहिलं. 2016 नंतर काही शाळा 20 टक्क्यांवर आल्या, मग 40, मग 60, आणि प्रत्येक टप्प्याला आझाद मैदानावर जाऊन बसावं लागलं. याची शाळा अजून यादीत येते-येते म्हणत आहे. तो सकाळी शाळेत जातो, संध्याकाळी शिकवण्या घेतो आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजतो. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, पैसे भरून शिकवाले इतक्या दूर काहून जाता? आपल्याइथं सोय आहे न."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला चहा दिला.

खरी लढाई आईंशी होती, म्हणजे माझ्या सासूबाईंशी. शाळा ख्रिस्ती लोकांची आहे हे त्यांच्या कानावर काकूंनी घातलं. आता आमच्या विदर्भात 'कॉन्व्हेंट' ही काय चीज आहे ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. टाय लावलेलं पोर जिथं ए फॉर ॲपल म्हणतं, ते कॉन्व्हेंट. मग त्याला नाव गजाननाचं असो, सरस्वतीचं असो की साईबाबांचं. आत मदर काय नि सिस्टर काय, कुणी नसलं तरी चालतं. व्हॅन पाहिजे. आमच्या घरातली सगळी नातवंडं मात्र खऱ्या, सिस्टरवाल्या कॉन्व्हेंटात शिकली. त्यामुळे "धर्म बदलून टाकतील" असं काकू म्हणाल्या तेव्हा आईंनी बराच वेळ सुपारी कातरली आणि निकाल दिला: "चार पोट्टे त्यांच्याइथं टाकले. एकही ख्रिस्ती झाला नाही. सगळे पुण्याला गेले." पुण्याला जाणं त्यांच्या लेखी जास्त वाईट आहे.

हा निकाल लागला म्हणून बरं. नाहीतर माझ्या मनात पंडिता रमाबाईंचं उदाहरण द्यायचं होतं, आणि माझ्या सुदैवानं ते तोंडातच राहिलं. परदेशात ख्रिस्ती लोकांत शिकवणारी मराठी बाई म्हटली की पहिलं नाव त्यांचंच. 1883 साली धाकट्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. शिकायचं होतं डॉक्टरीचं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि तो बेत सुटला. मग वाँटेजच्या मठातल्या सिस्टरांना त्यांनी मराठी शिकवलं, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकत असताना संस्कृत शिकवलं. पण घरी सांगायला उदाहरण म्हणून हे अगदी कामाचं नाही. कारण निघण्याआधी रमाबाईंनीही लोकांना सांगितलं होतं की आपण काही ख्रिस्ती होणार नाही. मे महिन्यात त्या पोचल्या. सप्टेंबरच्या 29 तारखेला बाप्तिस्मा.

तरी मला त्यांच्यातलं आवडतं ते पुढचंच. धर्म बदलला, पण बाई बदलली नाही. अंडं घातलेलं पुडिंग त्या खाईनात. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना तो जातीचा ताठा वाटला आणि त्यावरून पत्रापत्री झाली. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं काय म्हणून, संस्कृत का नकोत, यावरून आणखी पत्रं. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण मुलग्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला: बाईनं पुरुषांना शिकवलं तर तिच्या देशात तिची अब्रू जाईल. ज्या देशात अब्रू जायची, तिथले लोक तिला आधीच बाटगी म्हणून मोकळे झाले होते. अब्रूची काळजी वाहणारे दोन्हीकडे एकाच सुरात बोलत होते, हे पाहून रमाबाईंना हसू आलं की नाही माहीत नाही. मला आलं.

उलट दिशेनं आलेल्यांचं तर आपल्याकडे मोजमापच नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपूरला आले, वर्षभरात त्यांनी शाळा काढली. मुलांना शिकवता शिकवता स्वतः टाकळीच्या आसपासचे दगड फोडून जीवाश्म गोळा करत बसले आणि गोंडांच्या परधान भाटांकडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. त्या लिंगोनं जिथून देव सोडवले म्हणतात ते कचारगड आमच्याच सालेकसा तालुक्यात. माघ पौर्णिमेला तिथं लाखांनी माणूस लोटतं. त्यातल्या कुणाला हिस्लॉप ठाऊक नाही, आणि त्याची गरजही नाही. मला रस वेगळ्याच गोष्टीत होता. मी ह्यांना मुद्दाम सांगितलं, "बघा, हिस्लॉप साहेब कुठून कुठे आले!" हे म्हणाले, "त्यांना चर्चचा पगार होता."

मग तयारी. पिवळ्या तापाची लस टोचून घेतली. तिचा दाखला पूर्वी दहा वर्षं चालायचा, 2016 पासून जन्मभर चालतो, त्यामुळे माझ्याकडे आजन्म टिकणारी सरकारमान्य गोष्ट म्हणून पेन्शनच्या कागदाशेजारी आता तोही आहे. सामानात तांदूळ न्यायचा की नाही यावर घरात दोन तट पडले. गोंदियाचा माणूस स्वर्गातही एचएमटी घेऊन जाईल. विदर्भातल्या ज्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या बांधीतली वेगळी लोंबी ओळखून हे वाण वाढवलं, त्यांनी त्याला नाव दिलं ते त्या काळी सगळ्यांना हव्या असलेल्या मनगटी घड्याळाचं. युगांडात उतरल्यावर पहिल्याच दिवशी सिस्टरनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून 'रोलेक्स' खायला घातलं. चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट. चपाती आपल्याच लोकांनी तिकडे नेलेली. घरच्या पिशवीत एचएमटी, हातात रोलेक्स, आणि माझं स्वतःचं घड्याळ बंद. अंडं मी खाते, आईंच्या समोर खात नाही. रमाबाईंची क्षमा मागून खाल्लं.

प्रवासाचं एवढंच सांगते की विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाहून मुंबई गाठायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात विमान मुंबईहून एंटेबेला टेकलं. इगतपुरीला सिग्नलवर थांबलो होतो तेवढ्यात तर ते अरबी समुद्र ओलांडून गेलं असतं.

शाळा छान होती. लाल माती, पत्र्याची छपरं, आणि सगळ्या मुलींचे केस भादरलेले. वेण्यांवरून पोरी ओळखायची माझी आयुष्यभराची विद्या पहिल्याच तासाला निकामी झाली. पहाटे प्रार्थना, दुपारी पोशो आणि बीन्स, रात्री बीन्स आणि पोशो. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आमच्या भागात त्याला कुणी तांदळाच्या पंगतीला बसू देणार नाही, पण पोट धरून ठेवतो. वर्गाकडे नुसतं चालत निघालं तरी माळी, स्वयंपाकी, पोरी, सगळे 'वेल डन, मॅडम' म्हणतात. तिथली ती रीत आहे, काम करणाऱ्याला असंच रामराम करतात. सेवेच्या अख्ख्या काळात माझ्या पुस्तकात गोपनीय अहवालाशिवाय कुणी काही लिहिलं नव्हतं, आणि त्यातही 'समाधानकारक'.

मला एस-टू दिलं होतं, म्हणजे आपली नववी. पहिल्या दिवशी ओळख. प्रश्न विचारा म्हटलं, तर पुढच्या बाकावरची एक उभी राहिली.

"मॅडम, तुमचं दुकान कुठे आहे?"

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. पण नाही. त्यांनी पाहिलेला प्रत्येक भारतीय माणूस गल्ल्यामागे बसलेला होता. 1972 साली इदी अमीननं नव्वद दिवसांची मुदत देऊन आपल्या लोकांना घालवलं. पुढे कितीतरी जण परतले, त्यांनी पुन्हा शटरं उघडली. त्यामुळे भारतीय बाई आणि दुकान नाही, हे त्या पोरींना पटेना. मग कापड की हार्डवेअर? नवरा कंपालात बसतो का? शाळेला मॅडमच्या दुकानातून वह्या स्वस्तात मिळतील का? मी म्हटलं, दुकान नाही, मी फक्त शिकवायला आले, पैसे घेत नाही. वर्गात अशी शांतता पसरली की मला गोंदियाची आठवण झाली.

पुढच्या आठवड्यात धडा आला नफा-तोट्याचा. खरेदी किंमत, विक्री किंमत, शेकडा तोटा. सूत्र फळ्यावर लिहून मी विचारलं, आता उदाहरण कोण देईल? तीच उठली.

"मॅडमनी तिकीट काढलं, ती खरेदी किंमत. मॅडमना पगार नाही, म्हणजे विक्री किंमत शून्य. तर शेकडा तोटा किती?"

तिकीट केवढ्याचं, ते सांगावं लागलं. शिलिंगमध्ये आकडा एवढा लांबला की फळ्याची कड लागली. उत्तर आलं: शेकडा शंभर. वर्गानं वह्यांत उतरवून घेतलं. मी बरोबरची खूण करणार, तेवढ्यात मागून हरकत आली. मॅडम इथं जेवतात, त्याचे पैसे विक्री किमतीत धरले पाहिजेत. योग्य मुद्दा होता. मग पोशोचा भाव, बीन्सचा भाव, चहा, एका खोलीचं भाडं, असा हिशेब सुरू झाला. ह्यांनी पाहिला असता तर डोळे भरून आले असते. तोटा हळूहळू उतरू लागला. पण पहिल्या बाकावरचीनं पुन्हा बोट वर केलं: "मॅडम पोशो अर्धा टाकतात. टाकलेला धरायचा नाही." तोटा पुन्हा चढला. घंटा झाली तेव्हा दोन पक्ष पडले होते आणि दोन्ही पक्षांनी पायऱ्या दाखवून उत्तरं लिहिली होती. इतक्या वर्षांत माझ्या एकाही वर्गानं हा धडा इतका जीव लावून केला नव्हता. त्या दिवसापासून मी पानातला पोशो संपवू लागले. वर्गाची मॉनिटर जेवणघराच्या दारात उभी राहून बघायची.

परत आले तर घरी सगळे भेटायला. काकूंनी वजन उतरलं का ते आधी पाहिलं, मग गळ्यात काही नवीन आहे का ते. आईंनी पुण्याचं नाव काढून मला परत आल्याबद्दल शाबासकी दिली. हे तिकिटाचा खर्च कोणत्या सदरात टाकावा यावर वही उघडून बसलेले होते. मी सांगितलं की तिथल्या नववीनं तो हिशेब आधीच केलाय. ते काही बोलले नाहीत, पण पायऱ्या कशा लिहिल्या होत्या ते विचारलं.

सगळे गेल्यावर तो बी.एड.वाला पोट्टा आला. शर्टाला इस्त्री होती, हातात प्लॅस्टिकची फाइल. बराच वेळ युगांडाची हवा, पाऊस, धान होतो का, वगैरे विचारत बसला. मग मुद्द्यावर आला.

"मॅडम, ते शाळा किती टक्क्यांवर आहे जी?"

"एकाही नाही रे. शून्य."

"तिकीटही आपलंच?"

"आपलंच."

त्यानं फाइलचं बटण लावलं. उघडलं. परत लावलं.

"पण जेवण देतात म्हणता न?"

"हौ. दोन्ही टाइम."

त्यानं फाइल उघडून वरचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "मंग बायोडाटा पाठवून पाहा न, मॅडम."