गाडीतला उजेड

गाडीच्या छताला जो दिवा असतो, त्याचा आपल्याकडे उपयोग एकच. मागे बसलेल्या मुलांनी तो लावायचा आणि वडिलांनी ओरडायचं, "आतला दिवा बंद कर, पुढचं काही दिसत नाही!" वडिलांच्या इतर आरड्याओरड्याला नसतं, पण ह्याला शास्त्र आहे. अंधाराला सरावलेले डोळे बिथरतात, आणि आतला उजेड पुढच्या काचेवर पडून रस्त्याच्या जागी आपलंच कुटुंब दिसू लागतं. घाटातल्या वळणावर हे दर्शन कोणालाच परवडणारं नसतं.

आमच्या गाडीतला दिवा ५ वॅटचा, तारेचा, पिवळट. मिळालेली बहुतेक वीज तो तापण्यातच घालवायचा. पडलेली किल्ली त्याच्या उजेडात दिसत नसे, चाचपूनच शोधावी लागे. पण तक्रार कोणाचीच नव्हती. ती माझ्या साडूंनी केली.

साडू गाड्यांतले जाणकार. म्हणजे, ते स्वतः तसं सांगतात. "एलईडी टाका हो! केवढी वीज वाचेल!" मी हिशेब केला. पाचाच्या जागी एक वॅट, दिवा रोज जळणार पाचेक मिनिटं. म्हणजे महिना-दीड महिन्यात एक मोबाइल एकदा चार्ज होईल एवढी घसघशीत बचत! पण साडूंपुढे हिशेब मांडायचा नसतो. आम्ही नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "किती एमएम?" दोन्ही टोकांना टोप्या असलेला तो चिमुकला बल्ब ३१, ३६, ४१ अशा लांब्यांत येतो. साडूंनी हवेतच दोन बोटांत माप दाखवलं. दुकानातल्या पोऱ्याने ती बोटं न बघता मुकाट्याने गाडीतला बल्ब काढून आणला. नवा बसवला, तो लागेना. "माल खराब!" साडू गरजले. पोऱ्याने बल्ब उलटा फिरवून लावला आणि लख्ख उजेड पडला. एलईडी हा डायोड, वीज एकाच दिशेने घेतो. जुन्या बल्बला असली सोवळी-ओवळी नव्हती.

उजेड मात्र निळसर पांढरा, खोक्यावर ६००० केल्व्हिन. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते रास्तच. निळ्यावर पिवळा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. पण त्या उजेडात साडू नुकतेच आयसीयूतून बाहेर आल्यासारखे दिसत होते. मीही दिसत असणार, पण आरसा त्यांच्याकडे होता.

घरी आल्यावर बायकोने दार उघडलं आणि गाडीचं अंतरंग प्रथमच उजेडात आलं. शेंगांची टरफलं, चिक्कीचा चुरा, एक बेवारस मोजा, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली वडापावच्या लाल चटणीचे कण. डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलं आहे. चटणी कोरडी असते, एवढंच मी म्हणालो.

रात्री आई गॅलरीतून म्हणाली, "अरे, गाडीत काहीतरी मिणमिणतंय." दिवा बंद होता, तरी मंद जळत होता. काही गाड्यांत दिवा बंद केल्यावरही वायरीतून किंचित वीज झिरपत राहते. तार तापायला ती पुरत नाही, एलईडीला पुरते. त्यावर रेझिस्टर जोडण्याचा उपाय आहे. आईचा उपाय लिंबू-मिरचीचा होता आणि तो त्याच रात्री झाला. रेझिस्टर पुढच्या रविवारी बसला.

साडू आता हेडलाइटकडे बघून माप घेत असतात. मी किल्ली खिशातच ठेवतो.

तुम्ही हा उद्योग करणार असाल, तर जुना बल्ब काढून बरोबर न्या आणि दुकानदार काहीही म्हणो, ३००० केल्व्हिनचाच, म्हणजे पिवळसर उजेडाचाच मागा. चटणी त्यातही दिसते, पण ती चटणी की तपकिरी धूळ, यावर निदान वाद घालता येतो.