वाळू बघायला गेले हो!

ऐकलंत का? आमच्या नणंदबाईंचं अख्खं कुटुंब मालवणला जाऊन आलं आणि सिंधुदुर्ग किल्ला म्हणे तासाभरात ‘उरकला’. उरकला! शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, ज्याच्या पोटात शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तो किल्ला यांनी लग्नातल्या पंगतीसारखा उरकला. का? तर ‘सुनामी आयलंड’ला उशीर होत होता.

तिथे आहे तरी काय, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. देऊळ? नाही. झाड? नाही. सावली? छे. बरं, कपडे बदलायला आडोसा? यावर नणंदबाई नुसत्या हसल्या. आहे ती वाळू. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ पाण्यातून वर आलेला वाळूचा एक पट्टा. आणि कहर म्हणजे तोही दिवसभर नसतो! भरती आली की बेट गायब. पुण्याहून रात्रभर गाडी हाकून जायचं, आणि यजमानच घरी नाहीत.

नावाची कथाही तशीच झणझणीत. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीत हे बेट वर आलं, असं होडीवाले सांगतात. आता नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचणं, सरकणं, मोडणं हे नदीचं आणि लाटांचं रोजचंच काम. पण तेवढं ऐकून होडीत कोण बसणार? सुनामी म्हटलं की कसं, अंगावर काटा येतो आणि हात आपोआप पाकिटाकडे जातो.

देवबागकरांना मात्र या सगळ्याचं खरंच हसू येत असेल. गाव म्हणजे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. समुद्राकडच्या अंगाला लाटा जमीन खातात, म्हणून दगडी बंधाऱ्यासाठी वर्षानुवर्षं आरडाओरडा. आणि खाडीकडे त्याच पाण्यात उभी राहिलेली वाळू बघायला आपण पैसे देऊन जातो. आमच्या ओळखीच्या एक मालवणी आजी म्हणाल्याच, “थंय काय आसा? पुळण! ती काय तुमी बघूक नाय?” पण गंमत पुढे आहे. आजींचेच नातू सुट्टीत मुंबईहून आले की पहिली उडी त्याच पुळणीवर! आणि ज्यांच्या घरात रापण ओढण्यात पिढ्या गेल्या, तेच आता मासळी नसेल त्या दिवशी होडीत माणसं भरतात. मला विचाराल तर त्यात वाईट काहीच नाही. माणसं निदान भाव करून स्वतःच्या पायांनी होडीत चढतात.

चढतात म्हणजे काय, तो सोहळाच! गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला मोबाइल, अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट, पट्टा काही केल्या पोटावर बसेना. होडी बेटाजवळ थांबते, पण धक्का वगैरे काही नाही, सरळ पाण्यात उतरायचं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन तास भांडणारे आमचे काका, चपला काखेत मारून, पँट गुडघ्याच्या वर दुमडून, तरुण होडीवाल्याचा हात घट्ट धरून उतरले. मागून काकू, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात सेल्फी स्टिक. फोटो पाहिलाय मी! आणि पुढच्या फोटोत दोघं बनाना राईडवर. त्याच्या पुढच्यात बनाना आहे, दोघं नाहीत.

दमलं की टपरीवर कांदाभजी आणि कोकम सरबत. पाय पाण्यात, ताट हातात, आजूबाजूला जेट स्कीची घरघर. 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेल्या सिंधुदुर्गात इतक्या सोयी उभ्या राहिल्या, आणि लोक धावतात कुठे, तर जिथे बसायला धड कोरडी जागा नाही तिथे! हॉटेल बांधायला गेलं तर पाया कशात घालणार, हा प्रश्न बिल्डरालाही सुटलेला दिसत नाही. देवाची कृपाच म्हणायची. पावसाळ्यात तर जलक्रीडाच बंद, त्यामुळे तेवढे दिवस वाळूला तरी विश्रांती.

पण सगळ्यात मोठं लफडं वेगळंच आहे, हे कुणाला सांगू नका. या वेडापायी लोकांनी पंचांग उघडलंय! किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे बेट पाण्यात आणि तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी ओहोटी आणि वाळू उघडी. झालं! जिला एकादशी सासूबाईंना विचारावी लागते, ती आमची भाची परवा कालनिर्णय घेऊन बोटांवर पाऊणकी मोजत होती. सासूबाईंचा ऊर भरून आला. म्हणाल्या, “अष्टमीचा उपास धरतेस का गं?”

“नाही आई, होडी धरायचीय.”